गावी निघालात, मांजराचे काय?

गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. त्या सकाळी आठच्या ठोक्याला ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कित्येक घरांत सगळे मोबाइल घेऊन बसलेले असतात. तिकीट मिळाले की बाकीची तयारीही ठरत जाते. झाडांना पाणी घालायला शेजारी चावी, दूधवाल्याला निरोप, पेपरवाल्याला सुट्टी. घरातले मांजर मात्र आदल्या रात्री आठवते. मग एका पातेल्यात खाणे, दुसऱ्यात पाणी ठेवून, ‘चार दिवसांचाच तर प्रश्न आहे’ म्हणत दाराला कुलूप लागते.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. तरीही हा विषय या सदरात यायला हवा असे वाटते, त्याचे कारण रुग्णालयातच आहे. मांजर चावले किंवा बोचकारले म्हणून येणाऱ्यांपैकी काहींच्या घरी मांजर नसतेच. शेजारच्या काकू, सुट्टीला आलेला भाचा, घरकामाच्या मावशी अशी ही मंडळी. घरचे लोक गावी गेलेले असतात आणि यांनी ‘जरा लक्ष ठेवायचे’ कबूल केलेले असते. मांजराला रेबीजची लस दिली आहे का, असे विचारले की उत्तर येते, ‘विचारून सांगते.’ मांजराची सोय करताना आपण दोघांची काळजी घ्यायची असते : मांजराची आणि त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाची.

शक्यतो घर बदलू नका

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे. मांजर सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला गाल घासते, तेव्हा गालावरच्या ग्रंथींचा वास तिथे सोडत असते. घर ओळखण्याची ही त्याची खूण. नव्या जागी या खुणा एकदम नाहीशा होतात. ताण वाढला की मांजर लपून बसते, खाणे सोडते, लघवीच्या तक्रारी सुरू होतात. त्यामुळे चार-आठ दिवसांसाठी निरोगी, मोठ्या मांजराला त्याच्याच घरी ठेवावे आणि ओळखीच्या माणसाने रोज, जमल्यास दोनदा, येऊन बघावे. बहुतेक मांजरांसाठी हाच कमी त्रासाचा मार्ग आहे.

गावी सोबत नेण्याचा मोह होतो. पण प्रवास तासन्‌तास चालतो, गावच्या घराची दारे दिवसभर उघडी असतात, घरभर पाहुणे आणि वाडीत बोके-कुत्रे. फ्लॅटमध्ये वाढलेले मांजर तिथे बिथरून पळाले, तर परतीच्या दिवसापर्यंत सापडेलच असे नाही.

राउंडचे दोन प्रश्न

वॉर्डात सकाळच्या राउंडला आम्ही दोन साधे प्रश्न हमखास विचारतो : काय खाल्ले आणि लघवी किती झाली? मांजराकडे बघायला येणाऱ्यानेही रोज हेच दोन प्रश्न विचारायचे. उत्तर वाटीत आणि लिटरच्या ट्रेमध्ये असते. पातेले भरून ठेवून जाण्यातला खरा धोका इथे आहे. अन्न कदाचित पुरेल, पण मांजराने ते तोंडालाच लावले नाही तर ते कळायला घरात कोणी नसते.

आपल्याकडे निर्जळी एकादशी करणारी माणसे आहेत, मांजराच्या यकृताला मात्र उपवास झेपत नाही. काही दिवस पोटात अन्न गेले नाही की शरीरातली चरबी यकृताकडे येऊ लागते आणि तिथेच साठते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. लठ्ठ मांजरांना याचा धोका जास्त. कावीळ दिसू लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून मांजराने २४ तास काहीही खाल्ले नसेल तर पशुवैद्यांना फोन करायचा. ‘घरच्यांची आठवण येत असेल’ म्हणून थांबायचे नाही.

दुसरा प्रश्न बोक्यांच्या बाबतीत जीवनमरणाचा आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. सूज, चिकट स्राव किंवा बारीक खडे यांमुळे ती बंद झाली की लघवी तुंबते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडते. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो, पण लिटर कोरडेच राहते. बघणाऱ्याला हे बद्धकोष्ठ वाटते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट बघू नये.

म्हणून रात्री-अपरात्री जवळ कुठे जाता येईल, हे निघण्याआधीच आपल्या पशुवैद्यांना विचारून ठेवा. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ‘बैलघोडा हॉस्पिटल’ या नावाने आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. पण लघवी तुंबलेल्या बोक्याला घेऊन डोंबिवलीहून रात्री परळ गाठणे, ही पहिली योजना असू नये.

पाणी, खिडकी आणि औषधाचा डबा

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असते, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. मासे-भात किंवा ओले खाद्य आपल्या दमट हवेत लवकर खराब होते. ते समोर ठेवले की तासा-दोन तासांत उचलावे. मुंग्यांसाठी जुना उपाय चांगला : ताटात पाणी घालून त्यात वाटी ठेवायची.

मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. मे महिन्यात बंद फ्लॅट तापतो. पडदे ओढलेले, हवा खेळती आणि बाथरूमचे दार उघडे असावे, कारण तिथली फरशी गार असते. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते धोक्याचे लक्षण आहे.

हवा खेळती ठेवताना जाळी तपासा. ‘मांजर पडले तरी पायांवर उभे राहते’ या भरवशावर राहू नका. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली होती. बहुतेक वाचली, पण छातीला, जबड्याला आणि पायांना मार लागलेली मांजरे त्यांत पुष्कळ होती. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. घरच्यांना कुठली खिडकी उघडायची नाही हे माहीत असते, बघायला येणाऱ्याला नसते.

आणखी एक ताकीद द्यायलाच हवी. अंग गरम लागते म्हणून माणसांची तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची पर्मेथ्रिन असलेली औषधे आणि फुलदाणीतली लिलीची फुले हीसुद्धा मांजरासाठी विषच.

बोर्डिंगमध्ये ठेवायचे असेल तर

घरी येणारे कोणी नसेल, मुक्काम लांबचा असेल किंवा मांजराला रोज औषध लागत असेल, तर बोर्डिंगचा विचार करावा लागतो. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या आजाराचा विषाणू जागेत कित्येक महिने टिकून राहू शकतो. आधी कधी लस न दिलेल्या मांजराला तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. निघण्याच्या आठवड्यात लस देऊन पुरेसे संरक्षण मिळत नाही, तिकीट काढले त्याच दिवशी लसीचे कार्ड काढून बघावे. जागा निवडताना एक सोपी कसोटी लावा. जे तुमच्याकडे लसीचे कार्ड मागत नाहीत, ते इतरांकडेही मागत नसणार.

कुत्र्यांचे भुंकणे दूर असावे, प्रत्येक मांजराला स्वतंत्र जागा असावी आणि लपायला आडोसा असावा. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर अभ्यास केला. ज्यांना लपायला खोका दिला होता, ती पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा कमी ताणाखाली दिसली. त्यामुळे एक पुठ्ठ्याचा खोका आणि घरची, न धुतलेली जुनी चादर सोबत द्या.

बघणाऱ्याची तब्येत

मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून जखम टिचभर दिसते, पण जंतू खोलवर जातात. पाश्चुरेला या जिवाणूमुळे २४ तासांत हात सुजून लाल होऊ शकतो. बोटाच्या सांध्यावरचा चावा तर कधीच किरकोळ समजू नये. ओरखड्यांतून बार्टोनेला हा जिवाणू शिरला, तर काही दिवसांनी काखेत गाठ येते. तो मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो, म्हणून जाण्याआधी पशुवैद्यांकडून पिसवांचा बंदोबस्त करून घ्या.

सगळ्यात गंभीर गोष्ट रेबीज. तो मांजरामुळेही होतो आणि लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा, रक्त आले असो वा नसो, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायचा. हळद, चुना, तिखट काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय अशा पालिका रुग्णालयांत आणि सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत दिली जाते. त्वचेत द्यायची लस पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे वेळापत्रक बदलता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. म्हणूनच मांजराचे लसीकरण कार्ड कपाटात कुलूपबंद न ठेवता बघणाऱ्याच्या हाती द्यावे.

माणूस निवडतानाही थोडा विचार हवा. लिटर साफ करण्याचे काम गरोदर स्त्रीला किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्याला देऊ नये. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याच्या अवस्थेत यायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे ट्रे रोज साफ केला आणि नंतर हात धुतले की धोका पुष्कळ कमी होतो. आणि लपून बसलेल्या मांजराला ओढून बाहेर काढायचे नाही, हे बजावून सांगा. बरेच चावे तिथेच बसतात.

परतीचा दिवस हुकला तर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कामावर गेलेली हजारो माणसे त्या रात्री घरी पोहोचू शकली नाहीत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आपल्या पट्ट्यात परतीचा दिवस पाऊस ठरवतो. तीन दिवसांचे जादा खाणे आणि लिटर घरात असावे. दुसरी चावी अशा माणसाकडे असावी, जो लोकल बंद असली तरी चालत पोहोचू शकेल. पाळीव प्राण्याला अन्नपाण्यावाचून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

फ्रिजवर चिकटवायचा कागद

१. रोज किती खाणे, किती वेळा. काय अजिबात द्यायचे नाही.
२. वाटीत काय उरले आणि लघवी झाली का, याचा रोज एक निरोप.
३. लपण्याच्या जागा; कुठल्या खिडक्या बंदच ठेवायच्या.
४. पशुवैद्यांचा आणि रात्रीच्या दवाखान्याचा फोन.
५. लसीकरण कार्ड आणि मांजर नेण्याची बास्केट कुठे आहे.
६. आमचा फोन लागला नाही तरी उपचार सुरू करा, अशी सहीची चिठ्ठी आणि थोडे पैसे.

जाण्याआधी एक-दोनदा त्या व्यक्तीला घरी बोलावून तुमच्यासमोर मांजराला खायला घालू द्या. मांजराला तिचा वास ओळखीचा होतो आणि तिलाही मांजराची तऱ्हा कळते.

परत आल्यावर मांजर पाठ फिरवून बसले तर मनाला लावून घेऊ नका. खाणे, पाणी आणि ट्रे यांवर आठवडा-दहा दिवस लक्ष मात्र ठेवा. अनेक मांजरांच्या अंगात सर्दीचा हर्पीस विषाणू दबून राहिलेला असतो. ताणानंतर तो पुन्हा जागा होतो आणि साधारण आठवड्याभराने शिंका सुरू होतात. आणि काकूंना गावचे मोदक, खाजा देताना त्यांच्या हातांकडेही एकदा बघा. ओरखडा दिसला तर ‘काही नाही हो, एवढंसं आहे’ हे उत्तर न ऐकता, त्यांना घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात या.