काड लागलं बुबुळाला

दिवाळीच्या तोंडावर सेनगाव तालुक्यात सोयाबीनची सुगी असते. कापणी बहुधा उक्ती, मळणी यंत्रावर. यंत्रातून कुटार उडतं आणि एखादं टरफल, काडीचा एखादा तुकडा डोळ्यात जातो. बाई पदरानं डोळा पुसते आणि पुन्हा सुडीकडे वळते. उक्त्या कामात एकजण थांबला की सगळ्या टोळीची मजुरी बुडते. रात्री डोळा ठणकतो. मग तूप, मध, एरंडेल, जे हाताशी असेल ते घातलं जातं. दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. पुढे गाव म्हणतं, डोळ्यात फूल पडलं.

बुबुळावरचं पारदर्शक पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते नितळ राहतं. पण त्यामुळेच जंतूंशी लढणाऱ्या रक्तपेशी तिथं उशिरा पोचतात. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. काडीबरोबर बुरशी आत शिरली तर मात्र व्रण खोल जातो. मदुराईत 1994च्या जानेवारी ते मार्चमध्ये बुबुळावर व्रण झालेले 434 रुग्ण तपासले गेले. सुमारे दोन-तृतीयांश जणांना आधी डोळ्याला मार लागला होता, आणि बुरशी व जिवाणू यांचा वाटा जवळजवळ सारखा निघाला. बुरशींमध्ये फ्युजेरियम सर्वांत पुढे. आपल्याकडे तुरीवर मर रोग आणणारी बुरशी याच कुळातली आहे, जात तेवढी वेगळी.

या सगळ्या संशोधनात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते नेपाळमधल्या भक्तपूरचं काम. डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी 34,902 लोकवस्तीवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. बुबुळावर ओरखडा आढळला की क्लोरॅम्फेनिकॉलचं एक टक्क्याचं मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. असे 442 जण झाले. इजेनंतर 18 तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 पैकी चौघांना झाला. दुसऱ्या दिवशी आलेल्या 49 पैकी 14 जणांना! मलम तेच, ओरखडा तसाच; फरक होता तो तासांचा. 2001 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या अभ्यासात मलम न दिलेला तुलनेचा गट नव्हता, हेही सांगायला हवं. पुढे नेपाळमध्येच 24 गावसमित्यांची दोन गटांत विभागणी करून, एका गटात आरोग्य स्वयंसेविकांच्या हाती मलम देऊन मोठी चाचणी झाली. 2022 साली तिचा निकाल आला: व्रणांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. मला वाटतं, नुसती ट्यूब गावात ठेवून भागत नाही. लागलेला माणूस त्याच दिवशी तिच्यापर्यंत पोचायला हवा.

उशीर झालाच तर निदान तरी अचूक हवं. स्लिट लॅम्पखाली व्रणाच्या कडेचं थोडं खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे काही मिनिटांत दिसू शकतात. मग नॅटामायसिन. हे औषध जुनं; त्याच्यासमोर व्होरिकोनॅझोल हे नवं आणि महागडं औषध उभं करून अरविंद नेत्र रुग्णालयांत 323 रुग्णांवर तुलना केली गेली. 2013चा निकाल स्पष्ट होता: जुनंच सरस, फ्युजेरियमवर तर विशेष. पण पहिला आठवडा जागेपणी दर तासाला थेंब घालायचा आणि दर वेळी बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. सुगीच्या दिवसांत मजुराच्या घरी हे सांभाळणं सोपं नाही.

सर्वांत घातक म्हणजे मेडिकलवरून न विचारता आणलेले स्टेरॉइडचे थेंब. लाली उतरते, रुग्णाला बरं वाटतं, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं.

ओरखडा ओळखायला लागते ती फ्लुओरेसिनची कागदी पट्टी आणि निळ्या उजेडाची बॅटरी. ओरखडा असेल तिथं हिरवं चमकतं. सोयाबीन आणि पुढे तुरीच्या मळणीच्या काळात प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात ही पट्टी, बॅटरी आणि मलम असावं, आणि उपकेंद्र दिवेलागणीनंतरही उघडं असावं. मजूर रानातून परततात तेव्हाच.