कुलूप, कॅमेरा आणि विम्याचा हप्ता

आमच्या वसाहतीतील एक कुटुंब लग्नासाठी गावी गेले आणि मागे कडी तोडून घरफोडी झाली. मुलीच्या शिक्षणासाठी पै-पै साठवून केलेले दागिने गेले. गृहकर्जासोबत विमा काढलेला होता, म्हणून आम्ही कागदपत्रे घेऊन विमा कंपनीत गेलो. उत्तर मिळाले, "हा आगीचा विमा आहे, घरफोडीचा नाही!"

तेव्हापासून आम्ही पॉलिसी वाचू लागलो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग, पूर, भूकंप, दंगल यांपासून संरक्षण आहे. चोरीची भरपाई मात्र ती चोरी अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतरच्या ७ दिवसांत झाली तरच मिळते. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते.

मग कॅमेरा, अलार्म बसवल्यास हप्ता कमी होतो काय? काही कंपन्या घरफोडीच्या हप्त्यात सवलत देतात, सगळ्या नाहीत. समजा, हप्ता ६०० रुपये आणि सवलत १० टक्के. वर्षाला वाचले ६० रुपये. यंत्राला तर हजारो रुपये लागतात! म्हणजे यंत्र सवलतीसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी घ्यावे. अर्जात अलार्म लिहिला असेल तर तो चालू ठेवावा. बंद असल्यास दावा अडू शकतो.

बंधू-भगिनींनो, दागिन्यांच्या पावत्या जपा. चोरी होताच पोलिसांत फिर्याद द्या. आणि सही करण्यापूर्वी एवढे विचाराच: यात घरफोडी धरली आहे काय?