कपाटाआड गेलेली विजेची पेटी

जुन्या घराचे नूतनीकरण होते आणि एमसीबीची पेटी नव्या कपाटाच्या फळ्यांमागे जाते. एरवी ते खटकत नाही. मात्र भर पावसाळ्यात ओल्या भिंतीत विजेची गळती होऊन ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ट्रिप होते, तेव्हा अंधारात डबे उपसत तिथवर पोहोचावे लागते. तारेतून धूर निघू लागला, तर तेवढीही सवड मिळत नाही.

पेटी हलवणे वरकरणी तासाभराचे काम वाटते. खरी अडचण तारांची असते. प्रत्येक सर्किटची तार जुन्या जागेपर्यंतच पुरते. ती वाढवायची म्हणजे जोड आले; आणि ते जोड ज्या डब्यात असतील, तोही पुढे उघडता यायला हवा. म्हणजे जुनी जागा बुजवून मोकळे होता येत नाहीच! शक्य तेथे सलग नव्या तारा ओढाव्यात. फेजसोबत त्याच सर्किटचा न्यूट्रल आणि अर्थिंगही न्यावे लागते; दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले, तर त्या विनाकारण ट्रिप होत राहतात.

मीटरचे सील वीज खात्याचे, त्याला कोणी परस्पर हात लावू नये. पुढचे काम परवानाधारक कंत्राटदाराचे. पुरवठा सुरू करण्यापूर्वी त्याच्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. नवी जागा न्हाणीघराच्या ओलसर भिंतीवर नको.

अर्थात, सुताराकडून कपाटच हातभर सरकवता आले, तर तोच मार्ग अधिक सोपा.