रात्रींचा घोगरा खोकला

संध्याकाळपर्यंत बाळाला किंचित् सर्दी व कणकण, इतकेंच असतें. तें खेळतें, दूध पितें आणि नेहमींच्या वेळीं झोंपीं जातें. मध्यरात्रीं मात्र घरचीं माणसें एका विलक्षण आवाजानें दचकून उठतात. कुत्र्याचें पिलूं भुंकावें तसा कोरडा, पोकळ खोकला बाळाला लागलेला असतो. आवाज बसलेला असतो, आणि श्वास आंत घेतांना गळ्यांत करवत फिरावी तसा ध्वनि उमटतो. आजीला हा डांग्या खोकला वाटतो, शेजारीण घटसर्पाचें नांव हळूच काढते, आणि बाप पाणी तापवावयास स्वयंपाकघरांत धांवतो. तिघांच्याहि मनांत काळजीच असते. पण तिघांपैकीं कोणाचाहि मार्ग सहसा बरोबर ठरत नाहीं.

या विकाराला वैद्यकांत क्रूप म्हणतात. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत तो अधिक आढळतो. डांग्या खोकला याहून निराळा. त्यांत खोकल्याची ढास एकामागून एक लागते आणि दुखणें कित्येक आठवडे चालतें. घटसर्पाशीं मात्र क्रूपचें नातें जुनें आहे. एडिंबरो येथील फ्रान्सिस होम या वैद्यानें १७६५ सालीं क्रूपवर पुस्तक लिहिलें, तेव्हां गळा कोंडणारे हे दोन्ही रोग एकाच नांवाखालीं मोडत. १८०७ सालीं नेपोलियनचा लहानगा पुतण्या याच नांवाच्या दुखण्यानें दगावला, आणि त्या बादशहानें क्रूपवरील उत्तम निबंधास बारा हजार फ्रँकांचें बक्षीस लावलें. पुढें १८२६ सालीं ब्रेतोनो या फ्रेंच वैद्यानें घटसर्पाला स्वतंत्र नांव दिलें. आज लसी घेतलेल्या मुलाला असा खोकला झाला तर तो बहुधा साध्या सर्दीच्या विषाणूंपैकीं एकाचा, विशेषतः पॅराइन्फ्लुएन्झाचा, प्रताप असतो. परंतु सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील लसी चुकल्या असतील, तर शेजारणीची शंका हसण्यावारी नेऊं नये. डॉक्टरांना तें आपण होऊन सांगावें.

बाळाचा श्वास एवढ्याशा सुजेनें कां कोंडावा, हें समजण्यास थोडें गणित पुरतें. स्वरयंत्राच्या लगेच खालीं कूर्चेचें एक पूर्ण कडें असतें. तें ताणून मोठें होत नाहीं. म्हणून आंतल्या अस्तराला सूज आली कीं ती आंतच, हवेच्या वाटेवर, पसरते. ही वाट चार मिलिमीटर रुंद आहे असें धरूं. भोंवतालून एकच मिलिमीटर सूज आली तरी रुंदी दोनवर येते, म्हणजे वाटेचें क्षेत्रफळ चौथाई उरतें. आणि हवेला होणारा अडथळा, ती संथ वाहत असतांनादेखील, सुमारें सोळापट वाढतो. प्रौढ माणसाची वाट पुष्कळ रुंद असल्यामुळें तेवढ्याच सुजेनें त्याचा नुसता आवाज बसतो.

या गणितांतच शुश्रूषेचें मर्म आहे. बाळ रडूं लागलें कीं तें जोरानें हवा ओढतें, अरुंद वाटेंत हवेचे भोंवरे होतात आणि अडथळा आणखी वाढतो. म्हणून पहिला उपचार म्हणजे आईची मांडी. बाळाला उताणें न निजवतां छातीशीं उभें धरावें, दिवा मंद करावा, सभोंवारची गर्दी हटवावी, हळू आवाजांत बोलावें. अंगावरचें दूध किंवा पाणी, जें त्याच्या वयाला चालत असेल तें, थोडें थोडें द्यावें. गळा पाहण्यासाठीं तोंडांत चमचा किंवा बोट कदापि घालूं नये. मुलाला नीट पांघरून उघड्या गार हवेंत अर्धा तास नेल्यानें सौम्य ते मध्यम दुखण्यांत आराम पडतो, असें जिनीव्हा येथील २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत दिसलें. मात्र ती हवा दहा अंशांहून थंड होती. मुंबईच्या दमट गच्चीवर तोच गुण येईल असें धरून चालूं नये.

वाफाऱ्याची गोष्ट वेगळी. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्यामागील मायेविषयीं शंका नाहीं. परंतु दमट हवेनें क्रूपला उतार पडतो असें चाचण्यांत आढळलेलें नाहीं. उलट उकळत्या पाण्यानें मुलें भाजतात हें खरें आहे. ओवा-बाळंतशेपाची धुरी तर सुजलेल्या वाटेंत धूरच भरते. खोकल्याचीं गोड औषधेंहि येथें निरुपयोगी. आणि वर्षाच्या आंतील मुलास मध चाटवूं नये.

आतां ज्यावर जीव अवलंबून आहे तें. बाळ शांत असतांहि श्वासाचा आवाज ऐकूं येत असेल, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी प्रत्येक श्वासाबरोबर आंत खेंचली जात असेल, ओंठ, जीभ वा हिरड्या निळसर दिसत असतील, लाळ गिळवत नसेल, अथवा मूल ग्लानींत जात असेल, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सहा महिन्यांच्या आंतील बाळाला आणि जन्मानंतर ज्याच्या श्वासनलिकेंत नळी घालावी लागली होती त्याला डॉक्टरांना लगेच दाखवावें. तापसर्दी नसतां खेळतां खेळतां अचानक गुदमरलें, तर शेंगदाणा किंवा फुटाणा अडकला असण्याचा संभव असतो. तेंहि इस्पितळाचेंच काम. आणि एक फसवें लक्षण: थकलेल्या मुलाचा घर्घर आवाज एकाएकीं मंदावतो, घरच्यांना हायसें वाटतें, पण हवा आंत जाणेंच कमी झाल्यामुळें आवाज मंदावलेला असूं शकतो. बाळ हुशारीनें पाहूं लागलें, दूध मागूं लागलें, तरच तो उतार समजावा.

डॉक्टर बहुधा डेक्सामेथासोन या औषधाची वजनाप्रमाणें एकच मात्रा तोंडानें देतात. स्टेरॉइड म्हटलें कीं सुशिक्षित घरांत कपाळाला आठ्या पडतात; परंतु कॅनडांतील २००४ सालच्या चाचणींत सौम्य क्रूपच्या मुलांनाहि या एका मात्रेचा गुण आला. अर्थात् मागच्या खेपेची उरलेली बाटली कपाटांतून काढणें हें त्याचें कारण होऊं नये. दुखणें जोरांत असल्यास इस्पितळांत अॅड्रिनलिनचा फवारा देतात. त्यानें मिनिटांत आराम पडतो, पण गुण सुमारें दोन तासांत ओसरतो. म्हणून मूल हसूं लागलें तरी डॉक्टर त्याला कांहीं तास ठेवून घेतात, आणि तेव्हां घरीं जाण्याची घाई करूं नये. विषाणूंवर प्रतिजैविकें चालत नसल्यामुळें तीं दिलीं नाहींत म्हणून रुसण्याचेंहि कारण नाहीं.

बहुतेक मुलें तीनचार दिवसांत बरीं होतात. मात्र दुसऱ्या रात्रीं खोकला पुन्हा उठण्याचा संभव असतो. त्या रात्रीं एका मोठ्या माणसानें बाळाच्या खोलींतच झोंपावें, आणि त्याचा श्वास कानीं पडेल इतकें जवळ असावें.