सातबाऱ्याच्या कोणत्या रकान्यात?



कामगार चळवळीतल्या माणसाने जमिनीच्या प्रश्नावर कशासाठी बोलावे, असे मला दोघातिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मी शेतीतज्ज्ञ नव्हे नि कायद्याचा पदवीधर तर नव्हेच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन सभांच्या मधल्या वेळात. पण मुंबईचा गिरणी कामगार ज्याने जवळून पाहिला, त्याला जमिनीचा प्रश्न टाळता येत नाही. हा कामगार अर्धा शेतकरी होता. संप लांबला की तो बायकापोरांना गावी पाठवी, आणि गावचे भात हाच त्याचा संप-फंड असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांपैकी कितीजण इतके महिने तग धरू शकले ते युनियनच्या तिजोरीवर ठरले नाही. ज्याच्या गावी चार खाचरे होती तो टिकला.

आता पुढचा प्रश्न असा की, ती खाचरे कोणाची? याचे उत्तर शोधायचे तर कोकणातल्या खोतीपासून सुरुवात केली पाहिजे.

खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा मनुष्य. पुढे तो गावाचा धनी होऊन बसला. कुळाने पिकवायचे, खोताने अर्धे न्यायचे, वर वेठ घ्यायची. अलिबाग तालुक्यातल्या चरी परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ साली जमीन कसण्याचेच नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. आमच्या धंद्यात सहा महिन्यांचा संप म्हणजे मोठी गोष्ट; ही माणसे सहा वर्षे मासळी नि लाकूडफाट्यावर जगली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. खोती नष्ट करणारा कायदा मात्र १९४९ साली झाला. मागणी आणि कायदा यांच्यामध्ये बारा वर्षे गेली, हे ध्यानात ठेवावे.

त्याच सुमारास, १९४८ साली, मुंबई राज्याचा कुळकायदा आला. १९५६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. किंमत ठरवायची शेतजमीन न्यायाधिकरणाने, आकाराच्या वीस ते दोनशे पट, आणि ती द्यायची जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत. खेड्यातला माणूस अजूनही ‘बत्तीस-ग ची चौकशी’ आणि ‘बत्तीस-म चे सर्टिफिकेट’ असे शब्द वापरतो ते याच कायद्याच्या कलमांवरून.

कायदा चांगला होता. ज्यांची नावे लागली त्यांची पिढी बदलली. गुलामी मनोवृत्तीची कंबर ताठ झाली. परंतु कायदा येणार येणार म्हणून वर्षानुवर्षे गाजावाजा झाला, आणि त्या अवधीत जमीनदार झोपलेला नव्हता. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ साली निघाला. कागदोपत्री ज्यांना कुळांचे ‘स्वखुशीचे राजीनामे’ म्हटले होते, त्यांतल्या खुशीबद्दल त्या अहवालाने गंभीर शंका घेतली. आम्ही कारखान्यातली माणसे हा प्रकार चांगला ओळखतो. कामावरून काढायचे आणि सही मात्र ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ या कागदावर घ्यायची! शेतातही हीच युक्ती चालली. शिवाय घरच्या लागवडीसाठी म्हणून मालकाला काही जमीन कायद्यानेच परत मागता येत होती.

हे असेच व्हायला हवे होते असे नाही. तैवानचे उदाहरण घ्या. तेथे १९४९ साली खंडाची मर्यादा मुख्य पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणली. पूर्वी तो निम्मा किंवा त्याहूनही अधिक असे. १९५१ साली सरकारी जमीन कुळांना विकायला काढली, आणि १९५३ साली ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा केला. किंमत मुख्य पिकाच्या वार्षिक उत्पन्नाच्या अडीच पट, दहा वर्षांत फेडायची. मालकाला रोकड दिली नाही. सत्तर टक्के मोबदला भात किंवा रताळ्यांच्या भावाशी बांधलेल्या रोख्यांत, नि तीस टक्के चार सरकारी कंपन्यांच्या शेअरांत. म्हणजे जमीनदाराला जमिनीतून उचलून सिमेंट नि कागदाच्या कारखान्यांत भागीदार करून बसवले. चार वर्षांत तीन पावले, आणि प्रत्येक पाऊल पडायच्या आत पळवाट शोधायला फारसा वेळ नाही.

हे तेथे जमले कशाने? एक तर जपानी अमलातली मोजणी नि दप्तर भरवशाचे होते. दुसरे, राज्य करणारा पक्ष मुख्य भूमीवरून आलेला. तैवानी जमीनदार त्याचे सोयरे नव्हते. आपल्याकडे आमदार, मामलेदार, वकील हे पुष्कळदा जमीनदाराच्याच पंगतीला बसणारे. पण तैवानचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. १९४७ साली त्याच सरकारने तेथे लोकांची कत्तल केली होती, आणि १९५३ साली विरोधाला तोंडच नव्हते. युनियनवाल्याला असले राज्य परवडत नाही. म्हणून मला विचाराल तर, चरीचा रस्ता लांबचा असला तरी आपला आहे.

आता बाजाराकडे वळू. गेली तीस-चाळीस वर्षे जगभर एक मत जोरात आहे: गरिबाच्या हाती पक्का दाखला द्या, तो दाखला तारण ठेवून कर्ज काढील, धंदा करील, गरिबी हटेल. पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो द सोतो यांनी हे मत फार प्रभावीपणे मांडले. पेरूमध्ये १९९६ पासून दहा लाखांहून अधिक दाखले, मुख्यत्वे शहरांतल्या वस्त्यांना, वाटले गेले. दाखल्याने घरातून हुसकले जाण्याची भीती कमी झाली. पहाऱ्याला घरी बसणारी माणसे कामाला बाहेर पडू लागली, असे अभ्यासकांना आढळले. खासगी बँकांचे कर्ज मात्र अपेक्षेइतके काही आले नाही. बँक दाखला बघते हे खरे, पण त्याआधी पगार बघते. हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. हंगामी कामगाराला विचारा.

याचा अर्थ दाखला निरुपयोगी असा मी करीत नाही. उलट माझी तक्रार अशी की, दाखल्यावर नाव कोणाचे लागते याचा विचार आपण पुरेसा करीत नाही. आमच्या घरचेच सांगतो. वडील एका गिरणीत साचाखात्यात होते. गावची दोन एकर भातजमीन आजोबांना कुळकायद्याने मिळालेली. आजोबांमागे सातबाऱ्यावर थोरल्या चुलत्यांचे नाव लागले, पुढे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. चुलते गावी, वडील मुंबईत. कोणाला काही वावगे वाटले नाही. संपाच्या वर्षी मी शाळकरी पोर होतो, आम्ही त्याच भातावर जगलो. पुढे चुलते वारले. वारसांची नोंद झाली तीत त्यांचीच मुले आली. तीन अक्षरांतले ‘एकत्र कुटुंब’ कुठल्या कुठे गेले. काही वर्षांनी रस्त्यासाठी जमीन संपादन झाली आणि मोबदला निघाला तो सातबाऱ्यावरच्या नावाने. चुलतभाऊ वाईट नाहीत. एकाने आपण होऊन काही रक्कम हातात आणून दिली. वडिलांनी ती घेतली, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि वडिलांचे नाव लागले असते तरी आईचे लागले असते का? १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावे करावा असे आवाहन केले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरीही हक्कसोडपत्रावर भावाच्या शेजारी बसून सही करणाऱ्या बहिणी आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. तोही एक ‘स्वखुशीचा राजीनामा’च.

कुळकायद्याचा एक उलटा परिणामही झाला. नाव लागले तर जमीन जाईल, या भीतीने मालक आता वाटेकऱ्याला लेखी काहीच देत नाही. वाटा तोंडी, एका हंगामाचा, नि पुढच्या वर्षी शेत दुसरे. पीककर्ज, नुकसानभरपाई सातबाऱ्याकडे बघून येते. पेरणारा वाटेकरी त्या कागदावर कोठेच नसतो. नीती आयोगाने २०१६ साली खंडाने जमीन देण्याचा नमुना कायदा सुचवला तो यासाठीच, की लेखी करार व्हावा आणि मालकाची मालकी शाबूत राहावी. विचार करण्यासारखा आहे. मात्र करार लिहिताना टेबलाच्या अलीकडे एकटा वाटेकरी आणि पलीकडे गावचा बडा मालक असेल तर कागदावर काय उतरेल, ते सांगायला नको. कामगाराचा एकट्याने केलेला करार कसा असतो ते आम्ही जाणतो. म्हणून तर सामुदायिक वाटाघाटी आल्या. वाटेकऱ्यांची युनियन अशक्य आहे असे चरीच्या प्रदेशात तरी कोणी म्हणू नये.

निवृत्त कामगार हिशेबासाठी कचेरीत येतो, तेव्हा मी हल्ली त्याला गावचा सातबारा आणायला सांगतो. नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफारांचे क्रमांक. एकेक फेरफार काढीत मागे गेले की १९५७ पर्यंत पोचता येते आणि कोणाचे नाव कोठे गळले ते दिसते. नवा फेरफार मंजूर होण्यापूर्वी नमुना नऊची नोटीस निघते आणि पंधरा दिवसांत हरकत घेता येते. आमच्या घरची नोटीस मुंबईच्या खोलीवर कधी आली नाही. ती गावच्या चावडीवर लागली होती.