चूक पुन्हा का होते?

समजा, अकोल्याच्या जुन्या शहरातील एका किराणा दुकानासाठी बिल करणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तुम्ही तयार केली. तुम्ही ती तपासूनच दिली. तरी महिनाभरात दुकानदाराला तीत २० चुका आढळल्या. त्या दुरुस्त केल्या की काम संपले का? नाही.

आधी चुका प्रकारवार मोजा. समजा, १२ चुका एकाच प्रकारच्या निघाल्या : वजन फार लहान किंवा फार मोठे असले की हिशेब बिघडतो. आता कारण शोधा. तपासताना तुम्ही १ किलो, २ किलो अशी नेहमीचीच वजने घातली होती! म्हणून तपासणीच्या यादीत ‘सर्वांत लहान व सर्वांत मोठी संख्या’ हे कलम घाला. पुढच्या खेपेस पुन्हा मोजा. चुका घटल्या तर उपाय खरा. नाहीतर दुसरे कारण शोधा.

मालाची प्रत अशी आकड्यांनी राखण्याची रीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत कारखान्यांसाठी सुरू केली. १९४७-४८ मध्ये ते भारतातही आले होते.

४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत जुन्या एरियन-४ची आज्ञावली होती. ३२,७६७ पर्यंतच्या संख्येपुरत्या जागेत त्याहून मोठी संख्या आली. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्या यंत्रणेची चाचणीच झाली नव्हती! चौकशी मंडळाने चूक दाखवलीच, शिवाय चाचणीची पद्धतही सुधारायला सांगितली.

तुमच्या गणिताच्या वहीतील चुकाही अशाच मोजून पाहा बरे!