उरलेलं मोजताना

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडून पुण्यातल्या माझ्या संगणकावर डेटा येतो, तेव्हा त्यात चित्र नसतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या प्रत्येक जोडीने नोंदवलेले आकडे असतात. त्यांतून मला हवा असतो दीर्घिकासमूहाचा ‘रेडिओ हेलो’. तो कुठल्याही एका दीर्घिकेचा नसतो. दीर्घिकांच्या मधल्या अतितप्त, विरळ वायूत तो ३० लाख प्रकाशवर्षांच्या घरात पसरलेला असतो. १९५९ साली जॉड्रल बँकच्या दुर्बिणीला कोमा समूहात अशी पसरट रेडिओ खूण दिसली. ती खरंच पसरट आहे, की न सुटलेल्या ठिपक्यांची गर्दी आहे, हा प्रश्न मात्र १९७० पर्यंत रेंगाळला. आजही प्रत्येक समूहापुढे बसलं की तोच प्रश्न पहिला येतो.

सुरुवात साफसफाईने होते. मोबाइल मनोरे, उपग्रह, विजेच्या तारा यांचा गोंगाट डेटात मिसळलेला असतो. तो शोधून काढून टाकणं म्हणजे फ्लॅगिंग. मग ३सी४८ किंवा ३सी२८६ यांसारख्या, तेजस्विता माहीत असलेल्या स्रोतांवरून पट्टी लावायची. त्यानंतर सेल्फ-कॅल: आकाशाचं चित्र काढायचं, त्याच चित्रावरून अँटेनांचे दोष दुरुस्त करायचे, पुन्हा चित्र काढायचं. प्रत्येक फेरीत तेजस्वी स्रोतांभोवतीच्या रेघा विरत जातात.

खरी कसोटी इथून पुढे. समूहातल्या दीर्घिका स्वतःही रेडिओत चमकतात आणि हेलोच्या अंगावरच बसलेल्या असतात. म्हणून आधी फक्त लांबच्या अँटेना-जोड्या घेऊन तीक्ष्ण चित्र काढायचं. अशा जोड्यांना पसरट उजेड दिसतच नाही, ठिपकेच उरतात. त्या ठिपक्यांचं मॉडेल मूळ डेटातून वजा करायचं. मग जवळच्या जोड्यांना जास्त वजन देऊन ढोबळ चित्र काढलं, की मधोमध एक फिकट डाग वर येतो. वजाबाकी कमी झाली तर दीर्घिकांचा उजेड हेलोच्या खात्यावर जमा होतो. जास्त झाली तर खड्यांबरोबर तांदूळही फेकले जातात. लांब शेपटीच्या रेडिओ दीर्घिका तर धड ठिपका नसतात आणि धड हेलोही नसतात. शेपूट कुठे संपते, यावर आमच्या बैठकीत हमखास वाद होतो.

उरलेल्या डागाभोवती नॉइजच्या तिप्पट पातळीची रेषा आखून आतल्या पिक्सेलांची बेरीज करायची आणि तिला बीमच्या, म्हणजे चित्रात एक ठिपका जेवढा पसरतो त्या आकाराच्या, क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर मिलिजान्स्की या रेडिओ तेजस्वितेच्या एककात येतं. त्याच्यापुढची ‘अधिक-उणे’ ठरवायला अधिक वेळ लागतो. पट्टीतली चूक सुमारे १० टक्के, डागात जितके बीम मावतात त्यानुसार नॉइज, आणि वजाबाकीतली अनिश्चितता, हे सगळं त्यात धरावं लागतं. शिवाय अँटेना एकमेकींच्या फार जवळ नसतात. सर्वांत जवळची जोडीही सुमारे १०० मीटरवर असते, त्यामुळे ६१० मेगाहर्ट्झला साधारण १७ कलांहून (आर्कमिनिटांहून) मोठी रचना नीट पकडता येत नाही. कोमासारख्या जवळच्या, आकाशात ऐसपैस पसरलेल्या हेलोसाठी ही अडचण मोठी. दूरचे समूह लहान दिसतात, ते या मापात बसतात.

आणि डाग वर आलाच नाही तर? तर आपणच खोटा हेलो तयार करायचा. मध्यावर उजळ, कडेला उतरत जाणारा, तेजस्विता आपण ठरवलेली. तो डेटात मिसळायचा, पुन्हा तेच चित्र काढायचं आणि तो दिसतो का ते पाहायचं. तेजस्विता कमी करत न्यायची. ज्या आकड्याला तो दिसेनासा होतो, ती या निरीक्षणाची वरची मर्यादा. आलेखावर ती खाली रोखलेल्या बाणाने दाखवतात.

तित्सियाना वेंतुरी आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर ६१० मेगाहर्ट्झला केलेल्या हेलो-सर्वेक्षणात (२००७-०८) असे बाण बरेच होते. पुढे एक्स-किरणांच्या चित्रांशी ताडून पाहिलं, तेव्हा हेलो असलेले समूह जवळपास सगळे धडकेने ढवळलेले निघाले, आणि बाणवाले बहुतेक शांत. हेलोचा रेडिओ उजेड देणारे इलेक्ट्रॉन सुमारे १० कोटी वर्षांतच थकतात. एवढ्या वेळात ते समूहभर पसरू शकत नाहीत, म्हणजे त्यांना जागच्या जागी नवी ऊर्जा मिळायला हवी. ती समूहांच्या धडकेतल्या खळबळीतून मिळते, या मताला त्या तुलनेने बळ दिलं. न दिसलेल्या हेलोंचे रकाने रिकामे सोडले असते, तर तुलना करायला दुसरी बाजूच नसती. म्हणून हेलो न सापडलेल्या समूहावरही आम्ही सापडलेल्याइतकीच मेहनत घेतो.